मागे न पाहणारा धर्मराज
(नंदुरबार येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषयाचं नाव वाचून काहींना प्रश्न पडला असेल. हिमालयातल्या वाटा, तिथले अपघात, तिथला बचाव यावर तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकानं काय बोलावं? प्रश्न रास्त आहे. दोराच्या गाठी आणि बर्फातली कुऱ्हाड शिकवायला गिर्यारोहण संस्था आहेत, ते काम आमचं नव्हे. आमचं काम वाचनाचं. तेव्हा आज आपण एक जुना मजकूर वाचणार आहोत. उंच डोंगरावर माणसं एकामागून एक पडतात आणि बरोबरची माणसं चालत राहतात, असा तो मजकूर आहे. माणूस पडल्यावर सोबती काय बोलतात, आणि त्या बोलण्यावर पडलेल्याचं जगणं-मरणं कसं ठरतं, एवढंच आज पाहायचं आहे.

हे नंदुरबारात कशासाठी? आपल्याकडे बर्फ म्हणजे डिसेंबर-जानेवारीत डाबला किंवा तोरणमाळला गवतावर गोठलेलं दव. त्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात, आणि आपण कौतुकानं पाहतो. पण आता इथली मुलं खऱ्या बर्फावर जाऊ लागली आहेत. अक्कलकुवा तालुक्यातले अनिल वसावे २०२१ साली किलिमांजारोवर जाऊन आले. मनालीला, उत्तरकाशीला प्रशिक्षणाला जाणारी मुलं आहेत. कुणी नुसतं ग्रुपबरोबर पैसे भरून ट्रेकला जातं. त्यांना उंचीची भीती घालायची नाही. पण आपल्या घराघरांत हिमालयाची जी पहिली गोष्ट सांगितली जाते, ती नीट तपासलेली बरी.

ती गोष्ट म्हणजे महाभारताचं सतरावं पर्व, महाप्रस्थानिक. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हे पर्व अवघं तीन अध्यायांचं आहे. एवढ्या अफाट ग्रंथात तीन अध्याय म्हणजे काहीच नाही. पाच पांडव, द्रौपदी आणि मागून चालणारं एक कुत्रं उत्तरेकडे निघतात. हिमवान ओलांडतात. पुढे वाळूचा समुद्र लागतो आणि मेरू दिसतो. मग द्रौपदी पडते, नंतर सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. युधिष्ठिर चालत राहतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या डोळ्यांसमोर या प्रसंगाचं जे चित्र आहे, त्यात बर्फ आहे, वारा आहे, धुकं आहे. ते कॅलेंडरांनी आणि टीव्हीनं दिलेलं आहे. मूळ पर्वात या वाटेचं वर्णन शोधायला जाल तर हाती फारसं लागत नाही. थंडी किती होती, चढ कसा होता, द्रौपदीला धाप लागली होती का, ती आधीपासून मागे पडत होती का, कुणी काही खाल्लं होतं का, यातलं काही नाही. ज्या कवीनं कुरुक्षेत्रावरच्या एकेका बाणाचा हिशेब ठेवला, तो इथे वाटेबद्दल गप्प आहे. द्रौपदीचा योग ढळला आणि ती पडली, एवढंच तो सांगतो.

वाट गेली की काय उरतं? माणूस उरतो आणि त्याचे गुणदोष उरतात. भीम विचारतो, हिनं तर कधी अधर्म केला नाही, मग ही का पडली? युधिष्ठिर सांगतो, हिचा अर्जुनाकडे ओढा जास्त होता. सहदेव का पडला? आपल्यासारखा शहाणा कुणी नाही असं त्याला वाटायचं. नकुलाला रूपाचा अभिमान. अर्जुनानं एका दिवसात शत्रू जाळण्याची बढाई मारली आणि ती पुरी केली नाही. प्रत्येक वेळी उत्तर तयार आहे, आणि उत्तर देऊन झालं की तो न वळता पुढे जातो.

भीमाचा प्रश्न काय होता, बघा. ‘का पडली?’ मराठीत हा ‘का’ मोठा फसवा आहे. कशामुळे पडली, हा एक अर्थ. कोणत्या अपराधामुळे पडली, हा दुसरा. पहिला कारणाचा प्रश्न आहे, दुसरा दोषाचा. कारण कळलं तर पुढच्या माणसाला वाचवता येतं. दोष कळला तर मेलेल्याचा निकाल लागतो, दुसरं काही होत नाही. युधिष्ठिरानं पाच वेळा दोष सांगितला, कारण एकदाही सांगितलं नाही.

डोंगरातलं कारण कसं असतं ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यातले काही जाणार आहेत. साधारण अडीच हजार मीटरच्या वर गेलं की हवा विरळ होत असल्याचं शरीराला जाणवू लागतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. एवढ्यावर थांबलात, विश्रांती घेतलीत, तर शरीर बहुधा जुळवून घेतं. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस न चढता काढावा, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. तो न मानता चढत राहिलं तर कुणाच्या फुफ्फुसात पाणी साचतं. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो. कुणाच्या मेंदूला सूज येते. तोल जातो, सरळ रेषेत चालता येत नाही, बोलणं असंबद्ध होतं. दोन्हींवर मुख्य उपाय एकच, खाली उतरवणं. थंडीचंही तसंच. आधी कुडकुडणं, मग अडखळणं, जीभ जड होणं, आणि मग कुडकुडणंच थांबतं. ते थांबलं की सोबत्यांना वाटतं, चला, बरं वाटू लागलं. खरं तर तिथून घसरण सुरू झालेली असते.

यात तत्त्वज्ञानाच्या माणसाला खिळवून ठेवणारी एक गोष्ट आहे. या आजारांत ज्याला काही होतंय त्याला ते कळत नाही. न्याय करणारा अवयवच आजारी पडतो. ‘मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे’ असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे उंचावर माणसाचं शहाणपण त्याच्या स्वतःच्या डोक्यात सुरक्षित नसतं. ते मागे वळून त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतं. मागे वळून पाहणं हा तिथे केवळ दयाळूपणा नाही. पाण्याची बाटली आणि लोकरीची टोपी जितकी लागते, तितकंच ते लागतं.

आता पर्वातल्या सर्वांत अवघड जागेकडे येऊ. शेवटी भीम पडतो. तोवर दुसऱ्यांसाठी प्रश्न विचारणारा भीम आता स्वतः पडल्यावर स्वतःसाठी विचारतो. राजाला हाक मारून तो म्हणतो, इकडे पाहा, तुझा लाडका मी पडलोय. ठाऊक असेल तर सांग, मी का पडलो? संस्कृतात तो नेमकं ‘पाहा’ याच अर्थाचं क्रियापद वापरतो. युधिष्ठिर सांगतो, तू फार खायचास आणि बळाची फुशारकी मारायचास. आणि त्याच्याकडे न पाहता निघून जातो. भावानं ‘पाहा’ म्हणावं आणि दुसऱ्यानं न पाहता जावं, हे दोन शब्द कवीनं इतक्या जवळजवळ ठेवले आहेत की तो योगायोग मानायला आमचं मन घेत नाही.

त्यानंतर इंद्र रथ घेऊन येतो. युधिष्ठिर आधी म्हणतो, माझे भाऊ आणि द्रौपदी तिकडे पडलेत, त्यांच्याशिवाय मला स्वर्ग नको. इंद्र सांगतो, ते देह टाकून आधीच पोचले. मग कुत्र्याचा प्रश्न निघतो. ते आपल्या आसऱ्याला आलं आहे, त्याला टाकणार नाही, यावर युधिष्ठिर अडून बसतो. हा भाग आपण शाळेत शिकतो, भाषणांत ऐकतो. पण त्यानंतर इंद्र जे विचारतो ते सहसा कुणी सांगत नाही. इंद्र म्हणतो, अरे, भावांना टाकलंस, द्रौपदीला टाकलंस, मग या कुत्र्याला का टाकवत नाही? स्वर्गाच्या दारात विचारलेला असा रोखठोक प्रश्न दुसरा नसेल.

युधिष्ठिराचं उत्तर असं की मेलेल्यांशी ना मैत्री उरते ना वैर. त्यांना जिवंत करणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी त्यांना सोडलं. ते जिवंत असताना सोडलेलं नाही.

इथे वाचकानं पान मागे उलटायचं. भीम पडल्यावर बोलला होता. प्रश्न विचारला होता, ‘पाहा’ म्हणाला होता. मेलेला माणूस प्रश्न विचारत नाही. म्हणजे युधिष्ठिराचा बचाव त्याच पर्वातल्या, थोड्याच श्लोकांपूर्वीच्या प्रसंगानं खोटा पडतो. ‘नरो वा कुंजरो वा’ आपण जन्मभर लक्षात ठेवतो. त्याचा हा दुसरा अर्धसत्याचा प्रसंग मात्र आपल्या नजरेतून निसटतो. अभ्यासक म्हणून आम्हाला तो पहिल्यापेक्षाही गंभीर वाटतो, कारण पहिला युद्धात होता आणि हा घरच्या माणसांबाबत आहे.

मराठीत ही जागा एका बाईला नीट दिसली होती. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधल्या द्रौपदीवरच्या लेखात मूळ कथेत नसलेला एक प्रसंग रचला आहे. पडलेली द्रौपदी अजून जिवंत आहे, तिच्या मनात सगळं आयुष्य उलगडतंय, आणि भीम तिच्याजवळ येतो. हा भाग कल्पित आहे हे बाई लपवत नाहीत. पण कल्पिताची गरज कुठे पडते? मजकुरात जिथे भोक असतं तिथे. पडलेली माणसं लगेच मेली नसतील, ही शक्यता मूळ पर्वानं उघडी सोडली होती. इरावतीबाईंनी तिथे एका माणसाला परत पाठवलं. बचावाच्या भाषेत सांगायचं तर मराठी साहित्यातला हा फार मोलाचा बचाव आहे.

तर सोडून जाणाऱ्यांची दोन वाक्यं आपल्याला मिळाली. पहिलं, ‘त्याचीच चूक होती.’ दुसरं, ‘तो गेलाच होता.’ ही वाक्यं आज बर्फावर कशी वागतात ते पाहू.

दुसरं वाक्य आधी घेऊ. फेब्रुवारी २०१६. सियाचीनमध्ये सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. दुसऱ्या दिवशी सगळे गेले असं मानून देशभरातून श्रद्धांजली वाहिली गेली. पण शोध थांबवला नव्हता. यंत्रांनी बर्फ कापला जात होता आणि डॉट आणि मिशा नावाची दोन कुत्री वास घेत फिरत होती. सहाव्या दिवशी पंचवीस-तीस फूट बर्फाखाली लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सापडले, जिवंत. पुढे ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं. कुणी म्हणेल, शेवटी गेलेच ना? हो. पण श्रद्धांजलीच्या दिवशी ते जिवंत होते, हे वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणा. खोदणाऱ्यांनी श्रद्धांजलीवर विश्वास ठेवला असता तर आपल्याला ते कधी कळलंही नसतं. आणि युधिष्ठिराच्या मागून चाललेल्या त्या कुत्र्याचं काम काय असू शकतं, याचं उत्तर आम्हाला महाभारताच्या कोणत्याही टीकेपेक्षा डॉट आणि मिशानं जास्त चांगलं दिलं.

दुसरं उदाहरण एव्हरेस्टचं, मे २००६. उत्तरेच्या एकाच वाटेवर दहा-अकरा दिवसांच्या अंतरानं दोन घटना घडल्या. डेव्हिड शार्प नावाचा इंग्रज गिर्यारोहक वाटेशेजारी खडकाच्या आडोशाला गोठत बसला होता. त्याच्या जवळून अनेक गिर्यारोहक गेले. काहींना तो आधीच मेलेला वाटला, काहींना तो विश्रांती घेतोय असं वाटलं. तो तिथेच मेला. थोड्या दिवसांनी लिंकन हॉल या ऑस्ट्रेलियन गिर्यारोहकाला सोबतच्यांनी मृत समजून वर सोडलं. घरी कळवलंही. दुसऱ्या सकाळी डॅन मझूर आणि त्याचे तीन साथीदार शिखराकडे चालले असताना हॉल त्यांना बसलेला दिसला. त्या चौघांनी शिखर सोडलं, त्याला सांभाळलं, खालून मदत मागवली. हॉल वाचला आणि त्यानं त्यावर पुस्तकही लिहिलं. वाट तीच, महिना तोच. एक वाचला आणि एक गेला, यामागे प्रकृती आणि हवामान यांतला फरक नक्की असेल. पण एका ठिकाणी चार माणसं थांबली, हाही फरक आहेच.

डॉक्टरांचा यावर एक नियम आहे. गारठलेल्या माणसाला ऊब देऊन शरीर तापमानावर आल्याशिवाय मृत म्हणायचं नाही. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखालच्या पाण्यात अडकलेली एक तरुण डॉक्टर बाहेर काढली, तेव्हा तिचं शरीर १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत गार झालं होतं आणि हृदय थांबलं होतं. ती जगली. थंडी मारते आणि कधी कधी थंडीच जीव धरूनही ठेवते. म्हणून बर्फावर ‘गेला’ हा शब्द डोळ्यांनी ठरवायचा नसतो. ‘मेलेल्यांशी ना मैत्री ना वैर’ हे युधिष्ठिराचं वाक्य तर्काला धरून आहे. मेलेले कोण, हे मात्र त्यानं न पाहताच ठरवलं होतं.

आता पहिलं वाक्य, ‘त्याचीच चूक.’ जून २०२४मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर बावीस जणांची तुकडी हिमवादळात सापडली. बहुतेक कर्नाटकातले, एक जण महाराष्ट्रातला, तिघं स्थानिक वाटाडे. नऊ जण गेले. हवाई दल आणि बचावपथकांनी तेरा जणांना वाचवलं. मृतांत सत्तरी ओलांडलेल्या एक बाईही होत्या, म्हणजे साधारण आमच्याच वयाच्या. अशी बातमी आली की चहाच्या टपरीवर पहिलं वाक्य काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘या वयात कशाला जायचं?’ बघा, युधिष्ठिर बोलला! वय हा विचारात घेण्याचा मुद्दा जरूर आहे. पण वादळाला वय कळत नाही. त्या नऊ जणांत त्यांच्याहून कमी वयाचेही होते. हवामानाचा अंदाज काय होता, किती माणसांमागे किती वाटाडे होते, वादळात आडोशाला काय होतं, खाली निरोप कसा जाणार होता, मागे फिरायचं कोणी ठरवायचं, हे प्रश्न ‘कशाला गेली?’ या एका वाक्याखाली गाडले जातात. दोष मेलेल्यावर टाकला की जिवंतांपैकी कुणालाच काही विचारावं लागत नाही. ही सोय आहे, आणि म्हणूनच ती इतकी लोकप्रिय आहे.

युधिष्ठिराची बाजूही मांडली पाहिजे. महाप्रस्थान ही सहल नव्हती. देह पडेपर्यंत चालायचं असं ते व्रत होतं आणि सहाही जण ते जाणून निघाले होते. अशा व्रतात मागे न पाहणं हाच नियम असेल तर त्याला बोल कसा लावायचा? आक्षेप बिनतोड आहे, पण पुरेसा नाही. व्रत सगळ्यांचं होतं, तरी भीमाला विचारावंसं वाटलं. कवीनं भीमाला तो प्रश्न दिला, याचा अर्थ व्रतातसुद्धा प्रश्नाला जागा होती. शिवाय आपण व्रताला निघालेले नसतो. परतीचं तिकीट काढून गेलेले असतो.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे. आठ हजार मीटरवर स्वतःचं पाऊल उचलत नाही, तिथे दुसऱ्याला कोण उचलणार? खरं आहे. बचावपथकांचा पहिला धडाच असा असतो की अपघातात आणखी एक माणूस वाढवायचा नाही. स्वतः मरून दुसऱ्याला वाचवा असं सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही, व्यासपीठावर उभं राहून तर मुळीच नाही. कधी कधी सोडून यावं लागतं. आमचं म्हणणं एवढंच की सोडून आलो तर ‘सोडून आलो’ म्हणावं. ‘तो गेलाच होता’ आणि ‘त्याचीच चूक होती’ असं म्हणू नये. पहिलं दुःख आहे, आणि दुःखातून माणूस शिकतो. बाकीची दोन वाक्यं दुःखावरची झाकणं आहेत. आणि शक्य काय, अशक्य काय, हेही आधी ठरवून बसू नये. मे २०२३मध्ये गेलजे शेर्पानं एव्हरेस्टच्या आठ हजार मीटरवरच्या भागातून एका मलेशियन गिर्यारोहकाला पाठीवर बांधून खाली आणलं. त्यासाठी आपल्या गिऱ्हाइकाला शिखर सोडायला राजी केलं. ते शक्य आहे असं त्या सकाळी किती जण म्हणाले असते?

बरं, पांडवांची वाट म्हणून लोक आज जी दाखवतात, ती बदरीनाथच्या पुढे माणा गावावरून जाते. तिथे भीमपूल आहे, पुढे सतोपंथ आहे, स्वर्गारोहिणी आहे. त्याच माण्याजवळ २८ फेब्रुवारी २०२५ला सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला. चौपन्न मजूर अडकले. सेना, आयटीबीपी, एनडीआरएफ, एसडीआरएफ अशी सगळी माणसं बर्फ उपसत राहिली. शेहेचाळीस वाचले, आठ गेले. त्या मजुरांचे स्वभावदोष कुणी काढले नाहीत. कोण फार खायचा, कोण बढाया मारायचा, हे कुणी विचारलं नाही. किती आत आहेत आणि कुठे खणायचं, एवढंच विचारलं. ज्या वाटेवर एक राजा मागे न पाहता गेला असं आपण मानतो, त्याच वाटेवर ही माणसं मागे फिरली. तीर्थक्षेत्राला खरा अर्थ अशानं येतो, असं आमचं मत आहे.

महाभारताला मात्र अर्ध्यावर सोडू नका. आपण महाप्रस्थानिक वाचतो आणि थांबतो. अठरावं पर्व, स्वर्गारोहण, फारसं कुणी उघडत नाही. स्वर्गात गेल्यावर युधिष्ठिराला भाऊ दिसत नाहीत, दुर्योधन दिसतो. तो म्हणतो, जिथे माझी माणसं आहेत तिथे मला न्या. देवदूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधीच्या वाटेनं नरकाकडे नेतो. तिथे तो माघारी फिरणार एवढ्यात आवाज येतात. थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्यानं आम्हाला बरं वाटतंय. तो विचारतो, कोण तुम्ही? एकेक जण नाव सांगतो. भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी. आणि डोंगरावर एकदाही न थांबलेला हा माणूस तिथे थांबतो. देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच राहतो. कोणाचा दोष काय होता ते या वेळी तो सांगत बसत नाही. उलट, यांनी असं कोणतं पाप केलं की ते इथे आहेत, असा संताप करतो. डोंगरावर त्याच्याकडे पाचही पापांची यादी तयार होती, हे आठवा! कवीनं नायकाला त्याच्याच वाक्यासमोर उभं केलं आहे. सतराव्या पर्वातलं अपुरं उत्तर अठराव्यात दुरुस्त होतं. पुढे तो नरक ही माया होती असं सांगितलं जातं, पण थांबण्याचा निर्णय माया नव्हती.

आता आपल्या डोंगरात येऊ. आपल्याकडे बर्फ नसेल, डोंगरातला बचाव आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून अडलेली बाई किंवा तापानं फणफणलेलं पोर बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणतात. दोन जण बांबू खांद्यावर घेतात, दमले की दुसरे दोन. हिमालयातलं स्ट्रेचर यापेक्षा वेगळं काय असतं? अॅल्युमिनियमचं असतं, इतकंच. उंचीच्या आजारावर जो मुख्य उपाय, ‘खाली आणा’, तोच इथे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. सप्टेंबर २०२१मध्ये चांदशैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता, तेव्हा एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघाला. ती वाटेतच गेली. त्याचं नाव आम्ही घेणार नाही, त्याचं दुःख त्याचं आहे. पण धर्मराजाशेजारी त्याला उभं करून बघा, आणि धर्म कोणाच्या खांद्यावर होता ते तुमचं तुम्ही ठरवा. मात्र त्या माणसाचं कौतुक करून आपली सुटका नाही. झोळी हे माणुसकीचं चिन्ह आहे आणि रस्ता नसल्याचा पुरावाही आहे. माणूस खांदा देतो म्हणून व्यवस्थेनं रस्ता द्यायचा नाही, असं होत नाही. त्याच घाटात ऑक्टोबर २०२५मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची गाडी उलटली आणि माणसं गेली. गाडीत किती जण होते हे विचारा, जरूर विचारा. पण त्याच दमात हेही विचारा की परतायला दुसरं वाहन होतं का, वळणावर कठडा होता का, दवाखाना किती दूर होता.

अस्तंब्याचं नाव निघालंच आहे. साधारण तेराशे मीटरचा हा सातपुड्यातला डोंगर. दिवाळीत महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातून माणसं तिथे चढतात. इथल्या भिल्ल-पावरा समाजासाठी अस्तंबा हा केवळ महाभारतातल्या अश्वत्थाम्याचं दुसरं नाव नाही, तो त्यांचा देव आहे, हे विसरून बोलणं बरं नव्हे. पण दोघांची सांगड लोकांनीच घातली आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा या डोंगरांत फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं सांगतात. आता अश्वत्थाम्याचा दोष काय होता? झोपलेली पोरं मारली त्यानं. द्रौपदीची पोरं. युधिष्ठिराच्या यादीतले पाचही दोष एकत्र केले तरी या एका दोषाची बरोबरी होणार नाही. तरीही लोकांच्या कल्पनेत त्याला तेल मिळतं, आणि बदल्यात रस्ता चुकलेल्यांची जबाबदारीही त्याच्यावर येते. दोष आहे म्हणून तेल द्यायचं नाही, असं या डोंगरातल्या माणसाला वाटलं नाही. ग्रंथात अर्धवट राहिलेली गोष्ट इथल्या लोकांनी आपल्या पद्धतीनं पुरी केली.

म्हणून बर्फावर निघालेल्या आपल्या मुलांना आमचं सांगणं थोडं आहे. तुकडीत सर्वांत शेवटी कोण चालणार हे निघण्याआधी ठरवा, आणि तो अनुभवी माणूस असू द्या. किती वाजता मागे फिरायचं हे खाली असताना ठरवा. वर गेल्यावर ठरवणारं डोकं थकलेलं असतं. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची धरा. ‘मी ठीक आहे’ असं कुणी म्हणालं तर त्याच्या शब्दांवर विसंबू नका, त्याची चाल बघा. आणि इथे घरी बसलेल्या आपल्या सगळ्यांना एक सांगणं. अशी बातमी आली की ‘का गेला?’ विचारण्याआधी ‘कशामुळे?’ आणि ‘कोण पोचलं?’ हे दोन प्रश्न विचारा.

वेळ झाली आहे. इथे थांबतो. कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या ओळीतले हात आधी.